विहिरीला पाणी कुठून येतं? सहावीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

१९ जून २०२४

शाळा उघडून चार दिवस झाले. केज तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, सहावीत एकतीस पोरं. धनेगावचं मांजरा धरण इथून फार लांब नाही, पण त्याचं पाणी आमच्या गावाच्या वाट्याचं नाही. गाव जगतं ते दोन विहिरींवर, शेतातल्या बोअरवर आणि मार्च उलटला की टँकरवर.

यंदा भूगोल आणि विज्ञान दोन्ही माझ्याकडे आहेत. म्हणून दोन्हींना पुरेल असा एकच प्रश्न वर्षभर धरायचा ठरवलाय: विहिरीला पाणी कुठून येतं? लोकवर्गणीतून आलेला प्रोजेक्टर, शाळेचा जुना लॅपटॉप, एक स्पीकर आणि माझा मोबाइल, एवढं सामान. एवढ्यानं पोरांच्या डोक्यातलं चित्र बदलतं का, हे बघायचंय.

आज कोरे कागद वाटले आणि म्हटलं, विहीर काढा, आणि तिच्यात पाणी कसं येतं ते दाखवा. बरोबर-चूक काही नाही. अर्धा तास वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज.

घरी येऊन कागद जमिनीवर पसरले. जवळजवळ सगळ्यांनी जमिनीखाली नदी काढलीय. एकाच्या नदीत मासे आहेत आणि बाणापुढं लिहिलंय 'धनेगाव'. एकानं विहिरीच्या तळाला नळासारखी तोटी काढलीय आणि शेजारी लिहिलंय 'झिरा'. एका चित्रात तळाशी देवी बसलीय, हातातल्या घागरीतून पाणी ओततेय. विहिरीला पाणी लागलं की गंगापूजन करतात, नारळ फोडतात, साडी-चोळी वाहतात. हे चित्र तिथून आलं असणार. मला ते चित्र फार आवडलं.

कागदांवर खुणा काहीच केल्या नाहीत. तारीख टाकून फाइलला लावले. डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात मांडलेली गोष्ट मी डी.एड.ला पाठ केली होती: नवं ज्ञान रुजतं ते आधीच्या ज्ञानाला धरून, त्यामुळं शिकवण्याआधी पोराला काय माहीत आहे ते शोधा. पाठ केलेलं वाक्य आज पहिल्यांदा जमिनीवर पसरलेलं बघितलं.

२६ जून

तयार चित्रफीत दाखवली. शाळेत ई-लर्निंगचा संच आला तेव्हा त्यासोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये जलचक्रावर सात मिनिटांची एक फिल्म होती. चित्रं सुबक, रंग झकास. ढग हसतात, पाण्याच्या थेंबाला डोळे आहेत, मागं सतत संगीत. निवेदिका बोलते तेच शब्द खालून पट्टीवर सरकत जातात.

पोरं एकदम खूश. "मॅडम, अजून एकदा!" दोनदा दाखवली.

मग तोच प्रश्न पुन्हा विचारला. कागदावर नद्या तशाच. फक्त आता काही नद्यांमधल्या थेंबांना डोळे आले होते. 'भूजल पातळी म्हणजे काय' म्हटल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीनं फिल्ममधली व्याख्या न अडखळता म्हणून दाखवली. मी विचारलं, "म्हणजे आपल्या शाळेमागच्या विहिरीत ती कुठं असती?" ती गप्प झाली. वर्गातलं कुणीच बोलेना. दोन मिनिटांनी मागून एकजण म्हणाला, "ते फिल्ममधलं हाय मॅडम, आपल्याकडं नसतंय."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

१ जुलै

चार दिवस त्या वाक्यावरच विचार चाललाय. चूक पोरांची नाही आणि यंत्राचीही नाही. फिल्ममध्ये त्यांच्या ओळखीचं काहीच नव्हतं, आणि जे होतं ते एकाच वेळी फार होतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले रिचर्ड मेयर यांचं बहुमाध्यमांतून शिकण्यावरचं काम पुन्हा काढून वाचलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस डोळ्यांनी आणि कानांनी, अशा दोन वाटांनी माहिती आत घेतो, आणि दोन्ही वाटा अरुंद आहेत. एका वेळी थोडंच मावतं. चित्र डोळ्यांच्या वाटेनं आणि बोलणं कानांच्या वाटेनं आलं तर दोन्ही एकमेकांना धरून आत जातात. पण चित्र हलतंय, खाली अक्षरं सरकतायत आणि तेच शब्द कानावरही पडतायत, अशा वेळी डोळे चित्राकडं बघू की अक्षरांकडं, या ओढाताणीत पडतात. मागचं संगीत कानांची वाट अडवतं.

आमच्या पोरांना तर वाचायलाच वेळ लागतो. पट्टीवरचं पहिलं वाक्य लावेपर्यंत चित्र पुढं गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटली. मेयर आणि त्यांचे सहकारी पॉल चँडलर यांनी २००१ साली, वीज कशी पडते यावरची सुमारे अडीच मिनिटांची चित्रफीत घेतली आणि तिचे सोळा तुकडे केले. प्रत्येक तुकडा संपला की थांबायचं, शिकणाऱ्यानं बटण दाबलं की पुढं. ज्यांना अशी थांबत थांबत बघायला मिळाली, त्यांना ती प्रश्नांत वापरून दाखवणं जास्त चांगलं जमलं. माहिती तीच, फक्त मध्ये श्वास घ्यायला जागा.

ठरवलं ते असं. फिल्म आपल्या विहिरीची. संगीत नाही. पडद्यावर अक्षरं फक्त नावापुरती, एखादा शब्द. आवाज गावातला, गावच्या भाषेत. आणि दर वीस-पंचवीस सेकंदांनी थांबायचं, पुढं काय दिसेल ते पोरांनी आधी सांगायचं.

मुख्याध्यापक सरांना सांगितलं. ते म्हणाले, "विहिरीजवळ पोरं नेणार असाल तर मी बरोबर येणार." पोरं न्यायची नाहीत, मोबाइल न्यायचा, असं सांगितल्यावर त्यांना हायसं वाटलं.

६ जुलै

शनिवार, सकाळची शाळा. गावात आयुष्यभर विहिरींचं काम केलेले एक आबा आहेत. वय सत्तरच्या पुढं, आता हात चालत नाहीत, पण जीभ तल्लख. त्यांना शाळेच्या ओट्यावर बसवलं आणि मोबाइलवर आवाज टिपला.

मी विचारलं, आबा, खाली काय लागलंय ते न बघता कसं कळतं? त्यांनी उत्तर दिलंच नाही. नातवाला पाठवून घरून पहार आणि तीन दगड मागवले. मुरमाच्या ढेकळावर पहार मारली, भद्द असा दबका आवाज. मग बारीक भोकं असलेला, भोकांत पांढरे खडे भरलेला दगड. त्याला ते मांजऱ्या म्हणतात. तो खळ्ळ असा वाजला, आवाज लगेच विरला. आणि शेवटी काळा पाषाण: ठण्ण! आवाज ओट्याच्या भिंतीवर आपटून परत आला. आबा म्हणाले, "मुरमात पाणी मुरतंय, मांजऱ्यात पाझरतंय, पाषाणात काईच नाई. पाषाण म्हंजी परात. वरलं पाणी त्याच्यावर येऊन बसतंय. परातीला कुठं तडा गेला, तर तितून खाली जातंय."

दख्खनचा हा सगळा खडक म्हणजे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून झालेला. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तिथं भोकं राहिली. पुढं काहींत पांढरी खनिजं बसली. मधला भाग सावकाश निवला, तो घट्ट पाषाण. मी हे पुस्तकातून शिकले. आबांनी तेच पहारीच्या टोकानं सांगितलं, आणि परात हा शब्द माझ्या पुस्तकात नव्हता.

रात्री लॅपटॉपवर ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बसून वाऱ्याची घरघर कमी केली. तिन्ही आवाज वेगळे कापून ठेवले. चार सेकंदांचा एकेक तुकडा. आबांचं खोकणं मात्र ठेवलं. पोरं त्यांना त्या खोकल्यानंच ओळखतात.

११ जुलै

आजचं काम अवघड होतं. बांधलेली विहीर चालणार नव्हती, कारण सिमेंटच्या रिंगांमागं थर दिसत नाहीत. शाळेपासून अर्ध्या कोसावर एक कच्ची विहीर आहे, साधारण पंचेचाळीस फूट. मालक स्वतः आले, मुख्याध्यापक सर आले, विज्ञानाची आवड असलेले चौथीचे सर आले.

मोबाइल स्वयंपाकघरातल्या पारदर्शक डब्यात ठेवला, भोवती कापूस, कॅमेऱ्यापुढची बाजू स्वच्छ पुसलेली. डब्याला बॅटरी बांधली. दोरीला आधीच दर पाच फुटांवर लाल चिंधी बांधून ठेवली होती. पहिल्या खेपेला डबा खाली जाताना गरगर फिरला. वर काढून बघितलं तर नुसती भोवळ. मग मालकांनी युक्ती काढली: डब्याला दुसरी दोरी बांधून समोरच्या काठावर उभ्या असलेल्या सरांच्या हातात दिली. दोन्ही बाजूंनी ताण आला आणि डबा एकाच भिंतीकडं तोंड करून स्थिर राहिला. मी बोलत होते, पाच फूट, दहा फूट. चिंध्या एकेक करून कठड्यावरून सरकत होत्या.

वर आल्यावर विहिरीच्या काठावर उकिडवे बसून चौघांनी ती चित्रफीत बघितली. चार फूट काळी माती, तिच्यातून लोंबणारी मुळं. मग पिवळट मुरूम, कुदळीचे घाव अजून दिसतात. अठरा-वीस फुटांवर भोकाभोकाचा मांजऱ्या. आणि त्याच्या खाली, जिथं काळा पाषाण सुरू होतो, बरोबर त्या रेषेवर भिंत ओली. बॅटरीच्या उजेडात ओल चमकत होती. एका ठिकाणी करंगळीएवढी धार पाषाणावरून खाली ओघळत होती.

मालक बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. "चाळीस वर्सं पाणी शेंदतोय या हिरीचं," ते म्हणाले, "पर हे आज बघितलं."

१२ जुलै

आजचा तास मी विसरणार नाही.

दोन मिनिटं दहा सेकंदांच्या फितीचे सहा तुकडे केले होते. खिडक्यांना चादरी लावल्या. आधी डोळे मिटायला लावून आबांच्या पहारीचे तीन आवाज ऐकवले, दगड हातात दिले, कोणता आवाज कुणाचा ते ओळखायला लावलं. आबांचा खोकला आल्याबरोबर सगळे हसले आणि वर्ग सैलावला.

मग फीत. माती संपली की थांबले. "खाली काय लागंल?" मुरूम, सगळे एका आवाजात. बरोबर आल्यावर टाळ्या. मुरूम संपला, थांबले, पहारीचा आवाज लावला, "आता काय?" मांजऱ्या. चौथ्या तुकड्याआधी म्हटलं, आता कागदावर काढा, पाणी कुठं दिसंल? बहुतेकांनी अगदी तळाला खूण केली. एकानं तळाशी धनेगावहून येणारी नदी पुन्हा काढली.

चौथा तुकडा लावला. भिंत ओली दिसली. लाल चिंधी वीस फुटांवर. फीत थांबवली आणि मी काहीच बोलले नाही. हे गप्प राहणं मला सर्वांत जड जातं.

खिडकीजवळची एक मुलगी, वर्गात सहसा न बोलणारी, उठून पडद्याजवळ गेली आणि ओल सुरू होते तिथं बोट ठेवलं. बोटाची सावली पाषाणावर पडली. "मॅडम, पाणी खालून येईना की. बाजूनं येतंय."

मग वर्ग फुटला. एकजण म्हणाला, मग ते बाजूला कुठून आलं? दुसरा: मुरमातून. मुरमात कुठून? पावसाचं. परात, परात, असं मागून कुणीतरी ओरडलं. धनेगाववाल्यानं आपल्या कागदावरची नदी खोडली नाही. तिच्यावरून तिरप्या बारीक रेघा मारल्या, वरून खाली, मातीतून मुरमात, मुरमातून पाषाणाच्या काठानं विहिरीत. मग रबर मागितलं.

उरलेले दोन तुकडे दाखवायचे राहिलेच. घंटा झाली तरी पोरं उठेनात. शेवटी खिचडी निवतेय म्हणून बाहेर काढली.

२२ जुलै

काचेच्या बरणीत थर रचून चलचित्र करायचं होतं: तळाला चिकणमातीचा लेप म्हणजे पाषाण, वर खडी, वर वाळू, वर माती. कोल्ड्रिंकची नळी उभी घातली, ती विहीर. निळी शाई कालवलेलं पाणी थेंब थेंब घालायचं, दर थेंबाला एक फोटो. एका सेकंदाला दहा फोटो धरले तर अठरा सेकंदांना एकशेऐंशी.

पोरांनी गट करून फोटो काढले, पण मध्येच ऊन आलं-गेलं आणि फोटो उजळ-मंद होत राहिले. शिवाय कुणीतरी बाक हलवला. सगळं वाया. पोरांचे चेहरे उतरले.

२४ जुलै

दार-खिडक्या लावून, एकाच दिव्याच्या उजेडात पुन्हा केलं. जमलं. पडद्यावर निळं पाणी खडीच्या फटींतून उतरतं, चिकणमातीवर साचतं, आणि नळीतही तेवढ्याच उंचीवर उभं राहतं. 'भूजल पातळी' हा शब्द आज पहिल्यांदा वर्गात लिहिला. पोरांनी त्याला आधीच नाव दिलं होतं: 'निळी रेघ'. दोन्ही चालतील म्हटलं.

निवेदन पोरांचं. एकानं लिहून आणलेलं पुस्तकी वाचलं, दुसरीनं बघत बघत आपल्या शब्दांत सांगितलं. दोन्ही लावून ऐकवलं आणि वर्गानंच दुसरं निवडलं.

३ सप्टेंबर

काल पोळा. परवापासून पाऊस थांबला नाही. परभणी, हिंगोली, नांदेडकडं पुरानं हाहाकार केलाय. आमच्याकडं ओढा दुथडी वाहतोय, नुकसान त्या मानानं कमी. पोरांच्या पाऊसमापकात, म्हणजे कापलेल्या बाटलीत, एका रात्रीत ५० मिलिमीटरच्या वर पाणी.

पुढं शिकवायचं होतं ते बाजूला ठेवून आज गणित केलं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पोरांना चौरस मीटर परका वाटतो, गुंठा कळतो. एक गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस एका गुंठ्यावर पडला तर पाच हजार लिटर. "मॅडम, एवढं तर ट्रॅक्टरमागच्या टँकरात असतंय!" एका गुंठ्याला एक टँकर. उन्हाळ्यात घागरी घेऊन ज्याच्यामागं धावतो, तो.

मग पडद्यावर पाण्याच्या रेल्वेचं एकच छायाचित्र लावलं. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली गाडी आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख. आज सहावीत असलेली ही पोरं तेव्हा तीन-चार वर्षांची. त्यांना ती ऐकून माहीत. विचारलं, किती गुंठ्यांवर रात्रीचा पाऊस पडला तर एक रेल्वे भरते? वहीवर भागाकार झाला: शंभर गुंठे. अडीच एकर.

वर्ग शांत झाला. एकजण हळूच म्हणाला, "आमचंच रान तीन एकर हाय."

ते पाणी सगळं विहिरीला मिळत नाही, बरंचसं वाहून जातं, बरंचसं पिकं आणि ऊन घेतात, हेही सांगितलं. आणि खडकाची झोळी लहान आहे, तेही. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये शंभर लिटर खडकामागं फार तर दोन-तीन लिटर पाणी हाती लागतं. म्हणून पाऊस झाला की आमच्या विहिरी लवकर चढतात आणि लवकर उतरतातही.

१७ सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. ध्वजारोहणानंतर एका मुलीच्या आजीनं शाळेच्या पायरीवर बसून १९७२च्या दुष्काळाचं सांगितलं, मी टिपून घेतलं. गावच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव त्याच दुष्काळी कामावर झाला. "आमी डोक्यावर माती वाहिली, खडी फोडली. सुकडी मिळायची, मिलोच्या, लाल जवारीच्या, भाकरी खाल्ल्या." मग आपणहून म्हणाली, "ती खालची हीर चैतातसुदिक आटत नाई, ती त्या तळ्यामुळं. माती आमी वाहिली, पाणी तुमी पिता."

नातीनं विचारलं, "आजी, तळं वर आन् हीर खाली, मदी पाइप हाय का?" पाच मिनिटांनी तीच मैत्रिणीला सांगत होती, परात तिरपी असली की पाणी उताराकडं जातं.

आजीची फीत तीन मिनिटांची आहे. एक शब्दही कापला नाही.

८ ऑक्टोबर

पुन्हा कोरे कागद, तोच प्रश्न. आज अठ्ठावीस पोरं हजर. बावीस जणांच्या चित्रात पाणी थरांतून बाजूनं येतंय. सहा जणांच्या चित्रात अजून नदी. त्यांतल्या चौघांची जुलैत बरीच गैरहजेरी होती, कापूस-सोयाबीनच्या कामामुळं. त्यांना दोष नाही. त्यांच्याबरोबर बरणीचा प्रयोग पुन्हा करायचा.

देवी काढणाऱ्या मुलानं थर, तिरप्या रेघा, सगळं नीट काढलंय. आणि देवी तळाशी आहेच. फक्त तिची घागर आता रिकामी आहे, पाझराखाली धरलेली. मी काही बोलले नाही.

नवा प्रश्न टाकला, फितीत कुठंच नसलेला: शेजारच्या रानात पाचशे फूट बोअर घेतला तर आपल्या विहिरीचं काय होईल? 'बोअर सगळं पाणी ओढील' एवढंच लिहिणारे बरेच. पण ज्याचे वडील बोअरच्या गाडीवर कामाला जातात त्यानं केसिंगवर, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवतात त्या पाइपवर, लिहिलं: 'केसिंग पाईप मुरूमाच्या खाली पाषाणात बसवला तर हिरीचं पानी हिरीला राहातं. केसिंग कमी टाकलं तर परातीला भोक पडतं आन् वरचं पानी बोअरमधी खाली पडतं.' शुद्धलेखनाच्या चुका अनेक. उत्तर मात्र भूजलाच्या माणसानं द्यावं तसं.

हे उत्तर फितीत नव्हतं आणि मी शिकवलं नव्हतं. त्यानं घरचं आणि वर्गातलं एकत्र बांधलं. ज्याला अर्थपूर्ण शिकणं म्हणतात ते मला याहून वेगळं सांगता येणार नाही.

२५ नोव्हेंबर

निवडणुकीची ड्यूटी, प्रशिक्षण, दिवाळीची सुट्टी यांत महिना गेला. विसाव्या तारखेचं मतदान झालं आणि गाव रिकामं झालं. आमच्या वस्तीवरचे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, त्या रात्रीच ट्रॅक्टरवर बसले. सहावीतली काही पोरं आजी-आजोबांकडं राहिली, सात आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. धनेगाववाला गेला, केसिंगवालाही. त्याच्या वडिलांना बोअरच्या गाडीवर सलग काम मिळेना म्हणून यंदा कोयता घेतला.

हजेरीपत्रकावर त्या नावांपुढं रोज गैरहजर लिहिताना हात जड होतो.

२९ नोव्हेंबर

सातपैकी पाच घरांत स्मार्टफोन आहे, रात्री कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, आल्यावर चार्ज होतो तेवढा. मोठी चित्रफीत तिथं उतरत नाही. म्हणून दर आठवड्याला तीन मिनिटांचा आवाज, एक छायाचित्र, एक प्रश्न, एवढंच पाठवायचं ठरवलं. आवाज वर्गातल्या पोरांचे, आळीपाळीनं. पहिल्या आवाजात आबांची पहार, आजीचं एक वाक्य आणि प्रश्न: तू आहेस तिथं जवळची विहीर मोठ्या माणसाबरोबर बघ, पाणी किती फुटांवर आहे?

खिडकीजवळच्या मुलीनं निवेदन केलं. शेवटी तिनं स्वतःच जोडलं: "हिरीच्या काठाला जाऊ नको एकट्यानं. आन् जेवलास का?"

१४ डिसेंबर

दोन आठवडे काही नाही. काल रात्री साडेदहाला केसिंगवाल्याचा आवाज आला, सांगली जिल्ह्यातून. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज, कुणाचं तरी रडणारं लेकरू. आज वर्गात स्पीकरवर लावला:

"मॅडम, हितं हीर वरपर्यंत भरलीय. पाणी हातानं घेता येतंय. पप्पा म्हणले आठ फुटावर. डिसंबरात! माती लई काळी हाय, मुरूम दिसंना. जवळ कॅनॉल हाय. आन् मॅडम, उसाच्या कडंला रानात पांढरं मिठावानी आलंय, तिथं काईच उगवंना. एवढं पाणी हाय तरी रान का मेलं?"

वर्गानं तो तीनदा ऐकला.

कालव्याचं आणि पाटाचं पाणी वर्षानुवर्षं रानात मुरतं, निचरा होत नाही, निळी रेघ वर वर येते आणि पाणी उडून क्षार मातीत राहतात, अशा क्षारपड जमिनी कृष्णाकाठी मोठ्या प्रमाणात आहेत. मला उत्तर माहीत होतं. आज सांगितलं नाही. बरणी टेबलावर आणली, नळी लावली आणि म्हटलं, त्याच्या रानासारखी करा.

निळी रेघ मातीच्या कडेपर्यंत चढली. बरणी सोमवारपर्यंत खिडकीत उन्हाला ठेवायची, पाण्यात मूठभर मीठ टाकून, असं पोरांनी ठरवलं. रोज एक फोटो. मग त्याला पाठवायच्या आवाजासाठी प्रश्नांची यादी केली, फळ्यावर त्यांच्याच अक्षरात: पाणी गोड हाय का मचूळ? पांढरं चाटून बघू नको, पर वास येतो का? कॅनॉल रानाच्या वर हाय का खाली? पाषाण किती फुटावर लागतो ते तिथल्या कुणाला तरी विचार. आणि सगळ्यात खाली, जेवलास का.